हुंड्यातला किल्ला आणि पुरात सापडलेला बादशहा : सोलापूर जिल्ह्यातल्या अल्पपरिचित हकिकती

भुईकोट

नमस्कार. सोलापूरच्या इतिहासाविषयी बोलणे निघाले की ते सहसा तीन विषयांवर येऊन थांबते : सिद्धरामेश्वर आणि गड्ड्याची यात्रा, १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे, आणि चीनमध्ये रुग्णसेवा करताना देह ठेवणारे डॉ. कोटणीस. हे तिन्ही विषय थोर आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून या धाग्यापुरते ते बाजूला ठेवावेत अशी विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात घडलेल्या, कागदोपत्री नोंद असलेल्या आणि तरीही आपल्यालाच ठाऊक नसलेल्या हकिकती इथे एकत्र याव्यात, एवढाच हेतू आहे.

माझे म्हणणे असे की, सोलापूर फार मोठा काळ कोणाचीच राजधानी नव्हते. ते सरहद्दीवरचे ठाणे होते. अहमदनगर आणि विजापूर, मोगल आणि मराठे, पेशवे आणि इंग्रज यांचे हिशेब भीमा, सीना आणि माण या नद्यांच्या काठी होत राहिले. अशा ठिकाणी घडलेली गोष्ट दोन्हीकडच्या राजधान्यांच्या इतिहासात एकेका ओळीत उरकली जाते आणि जिथे ती घडली तिथे तिची पाटीसुद्धा लागत नाही.

आपल्या भुईकोट किल्ल्याचेच पाहा. हा किल्ला लढून जितका घेतला गेला, त्याहून जास्त तो लग्नाच्या बोलणीत अडकला. १५२४ मध्ये विजापूरचा इस्माइल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यांची सोलापुरात भेट झाली आणि इस्माइलची बहीण बीबी मरियम हिचा विवाह बुऱ्हाणशी लावून देण्यात आला. वधूबरोबर सोलापूरचा किल्ला आणि साडेपाच परगणे देण्याचे वचन विजापूरच्या बाजूने दिले गेले होते, असे निजामशाहीचे म्हणणे होते. लग्न पार पडल्यावर मात्र आपण असे काही कबूल केलेच नव्हते, अशी भूमिका इस्माइलने घेतली. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वऱ्हाड आणि बिदरच्या फौजा सोबत घेऊन चालून आला. त्या लढाईत तो उन्हाने आणि तहानेने घेरी येऊन पडला आणि त्याला पालखीत घालून परत न्यावे लागले, असे त्या काळचा इतिहासकार फरिश्ता लिहितो. पुढे १५५१-५२ च्या सुमारास विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी करून बुऱ्हाणने सोलापूर एकदाचे घेतले, आणि मग ते परत मिळवण्यासाठी विजापूरची धडपड सुरू झाली.

यातली विलक्षण गोष्ट पुढे आहे. ज्या किल्ल्याच्या वचनावरून दोन घराणी चाळीस वर्षे भांडली, तोच किल्ला अखेर दुसऱ्या एका लग्नात उलट दिशेने गेला. रामरायाविरुद्ध एकजूट करायची ठरल्यावर अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला दिला. ही मुलगी म्हणजे पुढे मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी. या सोयरिकीतून उभ्या राहिलेल्या आघाडीने जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या रणात विजयनगरचा पराभव केला. दक्षिणेचा नकाशा बदलणाऱ्या त्या तहात आपला भुईकोट हे एक कलम होते, आणि संध्याकाळी तटाच्या आतल्या बागेत फिरणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

दुसरी हकिकत सांगोला तालुक्यातल्या खवासपूरची आहे. सातारा आणि परळी हे किल्ले घेऊन झाल्यावर १७०० च्या पावसाळ्यात औरंगजेबाने माण नदीकाठच्या खवासपुरात तळ दिला. लष्कराचा काही भाग दोन्ही काठांवर आणि काही भाग चक्क कोरड्या पात्रात उतरला होता. १ ऑक्टोबरच्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, वरच्या डोंगरांत झालेल्या पावसाचे पाणी एकाएकी आले आणि तंबू, जनावरे, माणसे वाहून जाऊ लागली. छावणीत उठलेला कल्लोळ ऐकून बादशहाला वाटले की मराठे आत घुसले. तो घाईने उठला, त्याचा पाय घसरला आणि उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही, आणि बयाऐंशीच्या उंबरठ्यावरचा हा पातशहा मरेपर्यंत थोडा लंगडतच चालला. दरबारातल्या खुशामतखोरांनी यातूनही वाट काढली : आपला मूळ पुरुष तैमूर लंगडा होता, तेव्हा हा तर वंशाचा वारसाच आहे, असे ते म्हणू लागले.

आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या तालुक्यातली एखादी हकिकत लिहावी. लिखित आधार असलेले काय आणि पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेलो ते काय, हे मात्र प्रत्येकाने वेगळे सांगावे.

बार्शी_लाईट

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या बार्शीची हकिकत राजेरजवाड्यांची नाही, आगगाडीची आहे, पण ती फार दूरवर जाते.

कुर्डुवाडी ते बार्शी ही अरुंद मापाची रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. ती उभारणारा इंजिनिअर एव्हरर्ड कॅल्थ्रॉप १८८२ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. अरुंद मापाची गाडी म्हणजे लहान आणि दुबळी गाडी, हा त्या काळचा समज त्याने बार्शीत खोटा ठरवला. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे रूळ हलके ठेवूनही डबे मोठे करता आले. किट्सन कंपनीची इंजिने त्यासाठी मुद्दाम अशी घडवली गेली की वजन अनेक चाकांवर वाटले जावे. पुढे हा फाटा १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची गर्दी डब्यांत मावत नसे, तेव्हा मालडब्यांतूनही माणसे नेली जात, हे जुन्या मंडळींनी सांगितलेले अनेकांच्या कानांवर असेल.

एरवी इंग्लंडमधले तंत्र हिंदुस्थानात येई. इथे प्रवास उलटा झाला. १९०४ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे सुरू झाली, ती कॅल्थ्रॉपच्याच देखरेखीखाली आणि बार्शीच्याच धर्तीवर. तिथल्या दोन इंजिनांपैकी एकाला त्याचेच नाव होते. इंग्लंडच्या हिरव्या दरीत धावणाऱ्या त्या इंजिनांच्या कपाळावर आपल्याकडच्यासारखे मोठे दिवे होते आणि डब्यांच्या टोकांना व्हरांडे होते. ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. आपली 'बार्शी लाईट' नव्या शतकात रुंद मापाची होईपर्यंत चालत राहिली.

कॅल्थ्रॉपचे पुढचे आयुष्य मला याहून अद्‌भुत वाटते. रोल्स-रॉइस या जोडनावातला चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र. जुलै १९१० मध्ये बोर्नमथ येथे विमान कोसळून रोल्स मरण पावला. वैमानिकाला विमानातून जिवंत सुटता यावे या ध्यासाने कॅल्थ्रॉपने हवाईछत्री बनवली आणि तिला 'गार्डियन एंजल' असे नाव दिले. १९१७ मध्ये ऑर्ड-लीस नावाच्या अधिकाऱ्याने ही छत्री बांधून लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारली आणि इतक्या कमी उंचीवरूनही ती उघडते हे दाखवून दिले. हा ऑर्ड-लीस म्हणजे शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेत बर्फात अडकून परतलेल्यांपैकी एक. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी या छत्र्या वापरल्या गेल्या, पण ब्रिटिश वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत त्या सरसकट दिल्या गेल्या नाहीत. कॅल्थ्रॉपला याचे फार दुःख होते आणि मला ते रास्त वाटते, कारण किती तरुण वैमानिक त्यामुळे हकनाक गेले असतील! तो १९२७ मध्ये वारला, मिरजेचा फाटा पुरा झाला त्याच साली.

बार्शीत, कुर्डुवाडीत किंवा पंढरपुरात त्याच्या नावाने काहीतरी असावे, असे मला कळकळीने वाटते.

माणदेशी

भुईकोट साहेब, खवासपूर आमच्या शेजारचे, पण ही हकिकत घरात कधी कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. एक शंका आहे. आयुष्य मोहिमांवर काढलेल्या सेनानीने नदीच्या पात्रात तळ का पडू द्यावा?

भुईकोट

आपली शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर माणच्या स्वभावात आहे असे मला वाटते. नदी उगम पावते साताऱ्याकडच्या शंभू महादेवाच्या डोंगरांत, आणि सांगोल्याकडचा मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाचा बहुतेक काळ पात्र कोरडे, वाळू सपाट, आणि थोडे उकरले तर पाणी हाताशी. हजारो घोडे, उंट आणि हत्ती सांभाळणाऱ्या लष्कराला याहून सोयीची जागा कोणती? त्यातून पावसाळा सरत आला होता. पण आपल्याकडचा मोठा पाऊस परतीचाच असतो आणि तो वर डोंगरात पडला तर खाली आभाळ निरभ्र असतानाही पाणी येते, हे आपल्या शेतकऱ्याला जन्मतः ठाऊक असते. दिल्लीहून आलेल्या छावणीला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भीमातीर

याला जोडून मंगळवेढा तालुक्यातल्या माचणूर-ब्रह्मपुरीविषयी लिहिते. खवासपूरच्या आधी, १६९५ पासून ऑक्टोबर १६९९ पर्यंत, औरंगजेबाची मुख्य छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती आणि तिला त्याने इस्लामपुरी असे नाव दिले होते. चार वर्षांहून अधिक काळ मोगल साम्राज्याचा कारभार आपल्या मंगळवेढ्याशेजारून चालला, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वाचावे लागले. छावणी म्हणजे किती मोठी? जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी १६९५ मध्ये, ब्रह्मपुरीच्या थोडे आधी, कृष्णाकाठच्या गलगल्याला बादशहाला भेटला होता. तिथल्या छावणीत पाच लाख माणसे आणि अडीचशे बाजार असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. आकडा ऐकीव असेल, अतिशयोक्तही असेल. तरी निम्मा धरला तरी ते एक चालते शहर होते.

संताजी घोरपडे १६९७ मध्ये मारले गेले, तेव्हा त्यांचे शिर याच ब्रह्मपुरीला बादशहासमोर आणले गेले. आणि रायगड पडल्यावर कैद झालेल्या येसूबाई आणि शाहू हेही बराच काळ याच छावणीत होते. पुढे सातारच्या गादीवर बसलेल्या राजाच्या कोवळ्या वयातली वर्षे आपल्या भीमेच्या काठी पहाऱ्यात गेली.

आता ऐकीव भाग, जो मी वेगळा सांगते. माचणूरच्या सिद्धेश्वराची पिंड फोडण्यासाठी माणसे पाठवली तेव्हा भुंगे उठून त्यांच्यावर तुटून पडले, आणि नैवेद्य म्हणून पाठवलेल्या मांसाच्या ताटावरचे वस्त्र काढले तर आत फुले निघाली, असे आमच्याकडे सांगतात. याला समकालीन कागदाचा आधार मला मिळालेला नाही. पण ज्या गावाने एवढी प्रचंड फौज चार वर्षे आपल्या वेशीवर सोसली, त्याने आपल्या देवाला जिंकवणारी कथा जपली, यात मला गावकऱ्यांच्या मनाचा खरा इतिहास दिसतो.

अक्कलकोटकर

भीमातीर ताईंनी शाहू महाराजांचा उल्लेख केला, म्हणून आमच्या संस्थानाची जन्मकथा सांगतो. १७०७ मध्ये औरंगजेब वारल्यावर शाहूंची सुटका झाली आणि ते दक्षिणेकडे निघाले. वाटेत पारद गावाच्या पाटलाने, सयाजी लोखंडे याने, त्यांना विरोध केला आणि त्या झटापटीत पाटील मारला गेला. तेव्हा त्याची विधवा आपले तान्हे मूल घेऊन आली, शाहूंच्या पालखीसमोर तिने ते ठेवले आणि अभय मागितले. शाहूंनी ते मूल उचलून घेतले. स्वराज्यात परतल्यावरचा हा पहिला विजय, म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, त्याला आपले भोसले हे आडनाव दिले आणि पोटच्या पोरासारखे साताऱ्यात वाढवले. शाहूंच्या मर्जीतल्या विरूबाईंनी त्याच्यावर आईची माया केली.

हाच फत्तेसिंह भोसले अक्कलकोट संस्थानाचा मूळ पुरुष. १७४०-४१ च्या कर्नाटकच्या मोहिमेत तो रघूजी भोसल्यांबरोबर होता. याच मोहिमेत त्रिचनापल्ली पडली आणि तिथला सत्ताधीश चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला आला. स्वामी समर्थांच्या दर्शनाला अक्कलकोटला लाखो माणसे येतात, त्यांपैकी अनेकजण राजवाड्यातले शस्त्रागारही पाहतात. पण ज्याच्याशी लढून बाप मेला त्याच्याच मांडीवर वाढलेल्या मुलाचे हे राज्य होते, हे तिथून परतताना फार थोड्यांना माहीत असते.

चंद्रभागा_वाळवंट

पंढरपूरची हकिकत देतो. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पेशव्यांकडे आले होते. २० जुलै १८१५ रोजी, ते दुसऱ्या बाजीरावांबरोबर पंढरपुरात असताना, देवदर्शन करून परतणाऱ्या शास्त्रीबुवांचा रस्त्यात खून झाला. संशय बाजीरावांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. इंग्रजांनी त्यांना मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. फितुरी होऊ नये म्हणून पहाऱ्यावर केवळ गोरे शिपाई नेमले. नेमकी तीच चूक ठरली. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला राहिलेला मराठा मोतद्दार कोठडीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणत असे. झुडपाआड तिरंदाज दबा धरून आहेत, पंचावन्न घोडे तयार आहेत आणि स्वार चोपन्नच आहेत, अशा अर्थाचे ते गाणे होते. पंचावन्नावा स्वार कोण, हे आत बसलेल्याला कळत होते. पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही कळत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. काही वर्षांनी या भागात आलेल्या इंग्रज धर्मगुरू बिशप हेबरने ही हकिकत ऐकून गाण्याचा आशय इंग्रजी पद्यात नोंदवला, म्हणून ती टिकली. मूळ मराठी ओळी मात्र आपल्याकडे कोणी लिहून ठेवल्या नाहीत, याची मला खंत वाटते.

भुईकोट

फारच मोलाची भर. पंढरपुरातल्या त्या खुनापासून इंग्रज आणि बाजीराव यांच्यातले वितुष्ट वाढत गेले, आणि त्याचा जवळजवळ शेवटही आपल्याच जिल्ह्यात झाला. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडले. त्याच दिवशी पेशव्यांच्या लष्कराबरोबर असलेले छत्रपती प्रतापसिंह, त्यांच्या मातोश्री आणि भाऊ इंग्रजांच्या हाती आले. पेशवे निसटले आणि छत्रपती मागे राहिले. एप्रिलमध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, आणि मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोने आपला भुईकोट घेतला.

संगमेश्वर_कुडल

सगळ्या हकिकती मोगल-मराठ्यांच्या काळाच्या आल्या, म्हणून मी थोडा मागे जातो. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे, हत्तरसंग-कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे आणि त्यात मराठीची एक ओळ आहे. जो हे वाचेल तो विजयी होईल, असा तिचा भाव सांगितला जातो. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी हा लेख उजेडात आणला. शिक्षण मोठे नाही, संस्थेचे पाठबळ नाही, अशा स्थितीत त्यांनी गावोगाव हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले. त्यांचे ऋण आपल्या शहराने अजून पुरते ओळखलेले नाही, असे मी स्पष्टपणे लिहितो.

त्याच परिसरात मातीखालून निघालेले एक शिवलिंग आहे, ज्यावर ३५९ मुखे कोरलेली आहेत. ओळींमागून ओळी, आणि प्रत्येक ओळीत लहान लहान चेहरे. जवळ बसून पाहिले तर कोणाचे डोळे मिटलेले, कोणाच्या कानातले कुंडल अजून स्पष्ट.

माणदेशी

शाळेत तर आम्हांला श्रवणबेळगोळचा शिलालेख मराठीतला पहिला असे शिकवले होते. मग कुडलचा लेख त्याच्या आधीचा मानायचा का?

संगमेश्वर_कुडल

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या मराठी ओळींवर वर्षाचा आकडा नाही. त्यांचा काळ मूर्तीच्या आणि राजांच्या नावांवरून ठरवावा लागतो. कुडलच्या लेखात शक स्पष्ट कोरलेला आहे, हे त्याचे बळ. कोकणातल्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे सहा वर्षे आधीचा, असे काही अभ्यासक मानतात आणि काही त्या वाचनाला हरकत घेतात. माझे मत असे की, पहिला कोणाचा या वादात वेळ घालवण्याआधी कुडलच्या लेखाचे उत्तम छायाचित्र आणि शुद्ध वाचन मंदिराच्या आवारात लावले गेले पाहिजे, म्हणजे तिथे गेलेल्या माणसाला तो आपल्या डोळ्यांनी वाचता येईल. त्यासाठी ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी तयार करतो आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी इथेच कळवावे.